तांब्याच्या पत्र्यातलं भोक

आमच्या पंथाच्या मूळस्थानी हल्ली दोन रांगा असतात. एक चष्मेवाल्यांची, दुसरी बिनचष्मेवाल्यांची. दुसरी रांग भराभर सरकते, कारण तिला बरं व्हायचं नसतं. पहिली मात्र दगडी पायऱ्या उतरून, फाटकाला वळसा घालून, गाड्या लावायच्या जागेपर्यंत गेलेली असते. त्या दिवशी आम्ही तिघं या पहिल्या रांगेत होतो: माझी थोरली बहीण, तिचा नवरा आणि मी. ताईच्या पर्समध्ये डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती. ताईला काचबिंदू आहे. सकाळी सात, संध्याकाळी सात, दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम. ही गोष्ट त्या बाटलीची आहे.

फाटकापाशी चष्म्यांचा ढीग होता. कमरेएवढा. जाड काळ्या काड्यांचे, सोनेरी, एका काडीच्या जागी सुतळी बांधलेले, कुणाकुणाच्या भिंगांवर अजून बोटांचे ठसे. सूर्य वर आला की सगळा ढीग चमकायचा आणि लोक हात जोडायचे.

वर कर्ण्यातून दृष्टीदादांचा आवाज येत होता.

"चष्मा म्हणजे काय? नाकावर बसवलेली शंका. दोन्ही कान धरून बसलेली शंका. डोळा दिला कोणी? दुकानदाराने दिला? मग दुरुस्तीला दुकानदाराकडे का जाता?"

"मुद्द्याचं बोलतात," माझ्या मागचे गृहस्थ म्हणाले. "घड्याळ बिघडलं तर ज्याने बनवलं त्याच्याकडेच न्यायला पाहिजे."

"आपण कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे नेतो," मी म्हणालो.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "शिकलेले दिसता," ते म्हणाले. समोरच्याला खोकला झालेला दिसल्यावर माणूस जसं बोलतो, तसं.

ते खरं होतं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो आणि माझं पुढचं सगळं शिक्षण ताईच्या शिलाई मशीनवर झालं. ती कपडे बेतायची, मी शेजारी बसून पाठ करायचो. तेव्हा तिच्या डोळ्यांची झीज कशात झाली हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती, आणि तिने कधी सांगितलंही नाही.

मूळस्थान म्हणजे आमच्या मूळपुरुषाची खोली. तो पाथरवट होता. टेकडीच्या कुशीत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी ही वास्तू उभी केली, त्याला साडेतीनशे वर्षं झाली. आत दिवा आहे, आणि दिव्यामागे संगमरवरी पाटी. त्यावर मूळपुरुषाची दोन वाक्यं बारीक अक्षरांत कोरली आहेत. खोलीचं दार दिव्यात तेल घालण्यापुरतं उघडतं, एरवी बंद असतं. दाराशेजारच्या भिंतीत एक भोक आहे, त्यातून आत पाहायचं. पूर्वी रखवालदार त्या भोकातून दिवा जळतो आहे की विझला ते बघत असे. भोक पडलं ते एवढ्यासाठीच.

लहानपणी आम्ही इथे आलो होतो. तेव्हा भोकात मूठ जाईल एवढी जागा होती. म्हातारा रखवालदार प्रत्येकाला सांगायचा, "चष्मा काढून बघा, काडी दगडाला घासते." आईच्या डोळ्यांना कमी दिसायचं, पण चष्मा तिने कधी घेतला नाही. तिने भोकाला डोळा लावला आणि म्हणाली, "पांढरं काहीतरी दिसतंय." काय लिहिलं आहे ते ताईने तिला वाचून दाखवलं.

चार वर्षांपूर्वी दृष्टीदादा आले. आधी ते इमारतींच्या पाण्याच्या टाक्या धुण्याची कामं घ्यायचे. त्यांनी वास्तूची डागडुजी केली आणि आत ओल जाऊ नये म्हणून भोकावर तांब्याचा पत्रा ठोकला. दिवा दिसायला हवा, म्हणून पत्र्याच्या मधोमध बारीक छिद्र पाडलं, खिळ्याच्या टोकाएवढं. पहिल्याच आठवड्यात एका निवृत्त पोस्टमास्तरांनी रिवाजाप्रमाणे चष्मा काढला, छिद्राला डोळा लावला आणि दोन्ही वाक्यं घडाघडा वाचून रडायला लागले. त्या दिवशी दृष्टीदादाही चकित झाले असावेत, एवढं श्रेय मी त्यांना देतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी कर्णा आणला.

तीन तासांनी आमचा नंबर लागला. ताईने चष्मा काढून सेवकाकडे दिला आणि डोळा पत्र्याला लावला. डोकं जरा इकडेतिकडे हलवून छिद्र साधलं. मग वाचू लागली, शाळेतल्या मुलीसारखी, सावकाश:

"सोळा माणसांनी... सात वर्षांत... हे हातांनी बांधले. याखेरीज येथे... काही घडलेले नाही."

मागे उभ्या असलेल्या बायका हुंदके देऊ लागल्या. ताई वळली, तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"दिसलं रे. चष्म्याशिवाय. एकेक अक्षर."

"काय लिहिलंय?"

"सांगितलं ना, एकेक अक्षर दिसलं."

"अक्षरं कळली. तो म्हणतोय काय?"

"तुझं नेहमीचं," ती म्हणाली आणि डोळे पुसले.

पुढे एक स्टीलचं ताट ठेवलं होतं. त्यात मलमाच्या नळ्या आणि थेंबांच्या बाटल्या पडल्या होत्या. सेवक म्हणाला, "औषध असेल तर इथे." ताईने पर्स उघडली. मी तिचं मनगट धरलं.

"ताई, ते चष्म्याचं औषध नाहीये. डोळ्यातल्या दाबाचं आहे. त्याचा वाचण्याशी संबंध नाही."

तेवढ्यात दृष्टीदादा स्वतः आले. गुबगुबीत, हसरे, आणि आश्चर्य म्हणजे डोळ्यांवर काळा चष्मा. उन्हाचा, असं नंतर कळलं.

"भाऊ का?" त्यांनी ताईला विचारलं. "भाऊ काळजी करणारच. काळजी वाईट नाही हो. फक्त येताना घरी ठेवून यावी. कुलूप लावून."

सगळे हसले. भावोजीही हसले, पण त्यांना ऐकू कमी येतं, ते कुणीही हसलं की हसतात. बाटली ताटात पडली. बदल्यात ताईला तांब्याची एक चकती मिळाली, नाण्याएवढी, मधोमध छिद्र असलेली. घरी रोज डोळ्याला लावायची.

त्याच संध्याकाळी मी नवी बाटली आणली. ताईने ती हातात घेतली, लेबल चकतीतून वाचलं, कौतुकाने मला दाखवलंही, आणि बाटली परत दिली.

"दोन्ही केलं तर एकाचाही मान राहत नाही," ती म्हणाली.

मी भावोजींकडे पाहिलं.

"मी सांगून बघितलं," ते म्हणाले.

"काय सांगितलंत?"

"सांगतो, असं सांगितलं."

आमच्या घरात डोळे तपासायची एकच पद्धत आहे: सुई ओवणे. आई तेच करायची, ताईही तेच करते. पहिल्या फटक्यात दोरा गेला तर डोळे चांगले, तीन वेळा चुकला तर लवकर झोपावं. दुसऱ्या घरात याला कुणी तपासणी म्हणणार नाही, आमच्याकडे याच्यावर अपील नव्हतं. ताईने भावोजींच्या जुन्या चष्म्याची काच काढली आणि तिथे ती चकती दोऱ्याने घट्ट बसवली. म्हणजे चष्मा सोडण्यासाठी तिने चष्माच तयार केला. तो घालून तिने सर्वांत बारीक सुई पहिल्या फटक्यात ओवली आणि माझ्यासमोर धरली.

"आता बोल."

मी बोललो. खूप बोललो. ती ऐकत होती आणि दुसरी सुई ओवत होती.

पंधरा दिवसांनी तिच्या डाव्या कोपरावर निळा डाग दिसला. "दाराची चौकट फुगलीय," ती म्हणाली. "दमट हवेने." मी चौकट मोजली. चौकट होती तेवढीच होती.

मी एकटाच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खण उघडून काळ्या प्लास्टिकचं एक पळीसारखं काहीतरी बाहेर काढलं. पळीला बारीक छिद्रं होती.

"चष्मा काढा. हे डोळ्यासमोर धरा. तक्ता वाचा."

मी चष्म्याशिवाय तक्त्यावरची वरची दोन अक्षरं कशीबशी वाचतो. त्या पळीतून खालून दुसरी ओळ वाचली.

"झाला चमत्कार," त्या म्हणाल्या. "प्रत्येक डोळ्याच्या दवाखान्यात ही वस्तू असते. नंबर असलेल्या डोळ्यात प्रकाश नीट जुळत नाही, प्रत्येक ठिपका पसरतो, एकावर एक चढतो, म्हणून अंधुक दिसतं. छिद्र बारीक केलं की कडेचा प्रकाश अडतो. मधला बारीकसा झोत तेवढा आत येतो. त्याला पसरायला वावच नसतो. म्हणून स्पष्ट दिसतं. छिद्र काढा, डोळा होता तसाच. बरा नाही झालेला, बिघडलाही नाही."

मला आई आठवली. तिचाही असाच नंबर असलेला डोळा, तीच भिंत, तीच पाटी. पण भोक मुठीएवढं होतं, म्हणून तिला पांढरं काहीतरी दिसलं. मूळपुरुषाची कृपा पत्रा ठोकल्यानंतर सुरू झाली होती.

"आणि ताईचा काचबिंदू?"

"त्याला या छिद्राने काहीही होत नाही. काचबिंदू दुखत नाही, हेच त्याचं वाईट आहे. डोळ्यातला दाब मागच्या शिरेला मारत राहतो. आधी कडेचं दिसणं जातं, मधलं शेवटपर्यंत टिकतं. आणि गेलं ते परत येत नाही. थेंबांनी उरलेलं राहतं, एवढंच."

"पण ती सुई ओवते."

"सुई मधल्या नजरेत मावते," त्या म्हणाल्या. "जिना मावत नाही."

मी ठरवलं की हे लोकांना दाखवायचं. दाखवलं की पटतं, असा शिकलेल्या माणसाचा समज असतो. ग्रंथालयात संगणक आल्यापासून पुस्तकांच्या नोंदींची जुनी तालिका-कार्डं रद्दीत पडली होती. त्यातली पन्नास घेतली, ताईच्या पिनकुशनमधली एक सुई घेतली, प्रत्येक कार्डाला मधोमध छिद्र पाडलं आणि रविवारी मूळस्थानी जाऊन रांगेच्या शेपटीला उभा राहिलो.

पहिल्या गृहस्थांना म्हणालो, "चष्मा काढा. यातून ते बसचं वेळापत्रक वाचा."

त्यांनी वाचलं. "साडेदहा. पावणेबारा. दीड. अरे, जलद गाडीच्या वेळासुद्धा दिसतात."

"बघा. म्हणजे हे कुठल्याही छिद्रातून होतं. पत्र्यात काही नाही. हे तर रद्दीतलं कार्ड आहे."

त्यांनी कार्ड उलटून पाहिलं. त्यावर टाइप केलं होतं: कुक्कुटपालन, सचित्र, पाने एकशे बारा.

"त्याने कशातूनही द्यावं," ते गहिवरून म्हणाले आणि कार्ड वरच्या खिशात, हृदयाच्या बाजूला ठेवलं.

"अहो, त्याने नाही दिलेलं. मी सुईने भोक पाडलंय."

"तुमच्या हातून पाडून घेतलं."

मागच्या बाई म्हणाल्या, "एक मला द्या ना. सासूबाईंना चालता येत नाही." त्यांच्यामागच्या दोघांनीही हात पुढे केले. मी प्रत्येकाला समजावत होतो आणि प्रत्येक जण मान हलवत कार्ड घेत होता. अर्ध्या तासात माझ्यासमोर तिसरी रांग लागली. कार्डं संपली तेव्हा दोन बहिणींनी एक कार्ड अर्धं अर्धं फाडून घेतलं. एकीच्या वाट्याला छिद्र आलंच नाही. तिची तक्रार नव्हती.

पटला एकच माणूस. यात्रेकरूंची बस घेऊन आलेला चालक. त्याने कार्ड डोळ्यासमोर धरलं, काढलं, पुन्हा धरलं आणि शांतपणे म्हणाला, "म्हणजे माझा नंबर गेला नाही."

"नाही."

"मी सकाळी चष्मा ढिगात टाकला."

आम्ही दोघं ढिगापाशी गेलो. तो हाताने चाचपून शोधत होता, कारण चष्म्याशिवाय त्याला चष्मे दिसत नव्हते. मी विचारलं, "कसा होता?" तो म्हणाला, "काळा." ढिगात शेकडो काळे चष्मे होते. तेवढ्यात वरून पन्नास माणसं उतरून बसमध्ये बसली आणि हॉर्न वाजवू लागली. त्याने चार-पाच लावून पाहिले. "हा जवळपासचा आहे," असं म्हणाला आणि बस घेऊन गेला.

दुपारी दृष्टीदादा खाली आले. त्यांनी एका माणसाच्या हातातलं कार्ड घेतलं, छिद्र पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसलं. ते हसले आणि सेवकाकडून माईक मागून घेतला.

"गेल्या खेपेला हा भाऊ शंका घेऊन आला होता. आज बघा. स्वतःच्या हाताने सेवा करतोय. शंकेलासुद्धा इथे कामाला लावतात."

मी ओरडलो की हे खोटं आहे. पण माईक त्यांच्या हातात होता. एका म्हाताऱ्याने वाकून माझ्या पायांना हात लावला.

कुणीतरी फोनवर चित्रीकरण केलं होतं. मी घरी पोचण्याआधी ते ताईपर्यंत पोचलं. तिने दारातच माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"तुझ्या हातून व्हायचं होतं हे," ती म्हणाली. मला पदवी मिळाली त्या दिवशी ती जशी रडली होती, तशी रडली.

त्यानंतर मी कार्ड काढलं नाही आणि वादही घातला नाही. चार महिने गेले. ताई एकदा जिन्यावरून डाव्या अंगाने घसरली. एकदा रस्ता ओलांडताना सायकलवाल्याने तिला शिव्या दिल्या. "लोक हल्ली अंगावर येतात," ती म्हणाली. शेवटी एक दिवस ती आपणहून दवाखान्यात यायला तयार झाली. आपण बरे झालो हे डॉक्टरीणबाईंना दाखवावं, एवढाच तिचा हेतू होता.

तिला एका पांढऱ्या घुमटासमोर बसवलं. मध्ये नजर ठेवायची आणि कडेला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. आधी उजवा डोळा; त्यातही डाव्या कडेचे काही दिवे तिच्याकडून सुटले. मी मागे उभा होतो, मला सगळे दिवे दिसत होते. मग डाव्याची पाळी आली. उजवीकडे लुकलुकला की ताई टक्कन दाबायची. डावीकडे लुकलुकला की तिचा अंगठा स्वस्थ असायचा. दिवा लागायचा, विझायचा, आणि अंगठा स्वस्थ.

तपासणी संपल्यावर ती वळून म्हणाली, "डॉक्टर, तुमचं मशीन बिघडलंय. डावीकडचे दिवेच लागत नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कागदावर तिच्या डाव्या डोळ्याच्या चित्रात अर्ध्याहून जास्त भाग काळा छापून आला होता. त्यांनी ताईला सगळं समजावून सांगितलं. हळू, स्पष्ट, दोनदा. काळा भाग बोटाने दाखवला. ताईने शांतपणे ऐकलं, मग पिशवीतून सुई आणि दोरा काढला आणि त्यांच्यासमोर ओवून दाखवला. पहिल्या फटक्यात.

त्या संध्याकाळी मी औषधाच्या दुकानासमोर बराच वेळ उभा होतो. मग बाटली घेतली आणि ताईकडे गेलो.

"ताई, ही मी मूळस्थानी नेली होती," मी म्हणालो. "पत्र्यासमोर धरली."

ती खुर्चीत सरसावून बसली. "दादांनी काय सांगितलं?"

"सकाळी सात, संध्याकाळी सात. दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून पाच मिनिटं झाली होती. तिने लगेच मान मागे टाकली आणि डोळे मोठे उघडले. एवढे मोठे की थेंब चुकायला जागाच नव्हती.

महिन्याभराने दाब उतरला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कसं जमवलं. मी सांगितलं. त्या बराच वेळ कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या.

"हे बरोबर केलंत असं मी म्हणणार नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "पण आता थेंब चुकवू देऊ नका."

मीही ते बरोबर होतं असं म्हणत नाही. सत्य सांगून मला एक थेंब घालता आला नाही आणि एका खोट्या वाक्याने रोजचे चार थेंब गेले, ही माझ्या तर्काची एकूण कामगिरी आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या इस्त्रीवाल्या बाई रिकामी बाटली घेऊन आल्या, "तुमच्या हातचं औषध" मागायला. त्यांना मी जिन्यात नेऊन खरं काय ते सांगितलं आणि दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. त्या पत्त्याच्या चिठ्ठीला छिद्र आहे का, हे त्यांनी उजेडात धरून पाहिलं.

म्हणून वाचणाऱ्याला एकच विनंती. घरातला कुठलाही जाड कागद घ्या. सुईने एक छिद्र पाडा. चष्मा असेल तर काढा आणि भर उजेडात या ओळी त्या छिद्रातून वाचा. स्पष्ट दिसतील. तुमच्यावर कुणी उपकार केलेला नाही, तुमच्यातलं काही बरं झालेलं नाही. मग कागद फेकून द्या, चष्मा घाला, आणि चाळिशी उलटली असेल किंवा घरात कुणाला काचबिंदू असेल तर डोळ्यांचा दाब मोजून घ्या. एवढं तुम्ही पाच मिनिटांत स्वतः करून पाहू शकता. माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्यावर विश्वास ठेवण्याचे परिणाम मी मूळस्थानी पाहिले आहेत.

ताईकडे गेलो की मी आता तिच्या डावीकडे बसतो. परवा ती चहा पिता पिता मला सुई ओवून दाखवत होती. दोरा पहिल्याच फटक्यात गेला. ती खूश झाली, कप उचलून तिने एक घोट घेतला आणि तो डावीकडे, टेबलावर ठेवला. टेबल तिथे नव्हतं, ते वीतभर अलीकडेच संपत होतं. कप मी हवेतच धरला.

"काय रे?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.